पक्का रंग आणि खाडीचे पाणी



कापड रंगविण्याच्या कारखान्यांतून जे सांडपाणी बाहेर पडते, त्यातला रंग प्रकाशाने आणि ध्वनीने कसा नष्ट करता येतो, हा आजचा विषय मीच सुचविला. चालकांना प्रथम थोडे नवल वाटले. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, किमान वेतनावर बोलावे. रसायनशास्त्र त्याने प्राध्यापकांसाठी ठेवावे, असा एक समज आहे. मी प्राध्यापक नव्हे. जे थोडेफार शिकलो ते ग्रंथालयात बसून, आणि जे कळले नाही ते कळेपर्यंत जाणत्यांना विचारीत राहून. परंतु कापड रंगविणाऱ्या माणसांत माझे बरेच आयुष्य गेले आहे. ज्या पाण्यात माणूस आठ-आठ तास हात घालतो त्या पाण्यात काय आहे हे विचारणे, हे मी बोनसइतकेच युनियनचे काम मानतो. शिवाय ते पाणी शेवटी जाते कोठे? ते आपल्याच दाराशी येते.

आपण मिरा-भाईंदरचे लोक उल्हास नदीशी दोन ठिकाणी बांधलेले आहोत. आपल्या नळाला येणारे पाणी स्टेमचे आणि एमआयडीसीचे. म्हणजे मुख्यत्वे उल्हास नदीच्या वरच्या अंगाचे. शहाडजवळ नदीतून ते उचलले जाते. तेथून नदी पुढे निघते. कल्याणला तिला वालधुनी मिळते. ही वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून येते. इसवी सन १०६० मधले ते मंदिर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल, आणि पाहताना नाकाला रुमालही लावला असेल. अंबरनाथ-उल्हासनगरचे कारखाने आणि वस्त्या मागे टाकून वालधुनी उल्हासला मिळते. मग डोंबिवली येते. भिवंडीकडून कामवारी येते. हे सर्व पोटात घेऊन ती नदी घोडबंदरच्या वळणाने आपल्या खाडीत उतरते, आणि लोकल गाडीतून पूल ओलांडताना आपण जी पाहतो ती वसईची खाडी होते. सारांश, शहाडला आपण तिचा पेला भरून घेतो आणि घोडबंदरला तिची मोरी आपल्या पुढ्यात येते. आपण स्वतः या खाडीत काय सोडतो, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. तो पुढच्या वसंतात कोणीतरी घ्यावा, अशी माझी चालकांना सूचना आहे.

रंगाचा उपद्रव डोळ्यांना दिसतो तेव्हाच वर्तमानपत्रांत येतो. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री निळी झाली. एका कारखान्यातल्या रंगाने, असे निष्पन्न झाले आणि तो कारखाना बंद करण्यात आला. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीचा एक रस्ता गुलाबी झाला, तेव्हा खुद्द मुख्यमंत्री पाहावयास आले. लोक हसले, छायाचित्रे निघाली, आणि चार दिवसांनी रस्ता धुतला गेला. धुतलेले पाणी कोठे गेले हे मात्र कोणी विचारले नाही.

आता रंग म्हणजे काय ते पाहू. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा डांबरापासून क्विनाइन बनवावयास बसला. क्विनाइन झाले नाही. जांभळा रंग झाला. तेथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. पुढे शंभर वर्षांत रसायनज्ञांनी हजारो रंग घडविले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक रंगांच्या पोटात एकच जोडी आहे: नत्राचे दोन अणू एकमेकांचे हात दोन्ही हातांनी धरून उभे. या जोडीला ॲझो म्हणतात. लाल, पिवळा, नारिंगी, काळा, सगळे तिचेच वंशज.

बाजारात आपण कापड घेताना दुकानदाराला काय विचारतो? “रंग पक्का आहे ना?” पक्का म्हणजे साबणाने न जाणारा, उन्हाने न उडणारा, घामाने न विटणारा. रसायनज्ञाने तो तसा मुद्दाम घडविला. पाण्याला, हवेला, सूर्याला आणि जंतूंना दाद देऊ नये यासाठीच त्याला पगार होता. पण नदी आपले पाणी शुद्ध करते ती याच चौघांच्या बळावर. म्हणजे गिऱ्हाइकाला जो गुण, तोच नदीला रोग. या विषयातली अडचण सगळी या एका गोष्टीत आहे.

सुताला रासायनिक गाठीने घट्ट बांधून घेणारे रंग १९५६ साली बाजारात आले. त्यांना रिॲक्टिव्ह रंग म्हणतात. सुती कापडाला आज बहुधा हेच वापरतात. रंगाच्या हंड्यात त्याचा काही भाग कापडाचा हात धरतो. पण पाणीही तेथेच उभे असते, म्हणून काही भाग पाण्याचाच हात धरून बसतो. एकदा असे झाले की तो भाग कापडाला पुन्हा कधी लागत नाही. शंभरांतले वीस ते चाळीस भाग अशा रीतीने वाया जातात आणि गटारात उतरतात. रंग कापडाकडे ढकलावा म्हणून हंड्यात मीठ टाकावे लागते; लिटरला पन्नास ग्रॅम, गडद रंगाला ऐंशी-शंभरही. समुद्राच्या पाण्यात ते साधारण पस्तीस असते. मिठागरांच्या या गावात सांगावयास हरकत नाही की, काळ्या शर्टाचा हंडा आपल्या खाडीहून खारट असतो. वर सोडा असतोच. आणि पाणी किती? किलोभर सुती कापडाला शंभर लिटरच्या आसपास. एक शर्ट पाव किलोचा धरला तर पंचवीस लिटर. आकडे ध्यानात ठेवा. पुढे हिशेबाला लागतील.

रंग केवळ दिसायला वाईट असता तर मी आपला वेळ घेतला नसता. पाणी रंगले की ऊन खोलवर जात नाही, पाण्यातल्या वनस्पतींना प्राणवायू बनविता येत नाही, आणि मासळी गुदमरते. उत्तन-पालीच्या कोळी बांधवांना हे मी सांगण्याची गरज नाही. पण दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी एक निरीक्षण मांडले. फुक्सीन नावाचा किरमिजी रंग बनविणाऱ्या कारखान्यातल्या ४५ कामगारांपैकी ३ जणांना मूत्राशयाचा कर्करोग झाला होता. पुढे कळले की या रंगांच्या घडणीत वापरले जाणारे बेंझिडीनसारखे काही अमाइन पदार्थ हे रोगाचे मूळ आहेत. ज्या ॲझो रंगांतून असे अमाइन सुटतात त्यांच्यावर जर्मनीने १९९४ मध्ये बंदी घातली; त्याच दशकात भारत सरकारनेही तशा अनेक रंगांवर घातली. रेन यांच्या निरीक्षणापासून जर्मनीच्या बंदीपर्यंत मध्ये गेली नव्व्याण्णव वर्षे. ती कोणाच्या अंगावर गेली, हे आपण जाणताच.

आज सांडपाण्यावर काय करतात? पहिली रीत आपल्या आजीच्या तुरटीची. चुना, हिराकस, तुरटी टाकावयाची आणि गाळ खाली बसवावयाचा. काही रंग बसतात. रिॲक्टिव्ह रंग पाण्यात इतके विरघळलेले असतात की पुरते बसत नाहीत. आणि जो बसतो तो नाहीसा होत नाही, गाळात जातो. तो गाळ पोत्यांत भरून तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या जागेत पुरावयाचा. म्हणजे पाण्यातला रंग मातीत गेला. मुक्काम तेवढा बदलला. दुसरी रीत जंतूंची. मोठ्या हौदात हवा फुंकून जंतूंना सांडपाणी खाऊ घालतात. कांजी, तेल, साबण ते आनंदाने खातात. रंगाला तोंड लावीत नाहीत. हवा बंद करून दुसऱ्या जातीचे जंतू पाळले तर ते नत्राची ती जोडी तोडतात आणि पाणी निवळ दिसू लागते. पण जोडी तुटल्यावर जे दोन तुकडे उरतात ते कोण? तेच अमाइन! पाणी पांढरे, आणि आत रेन साहेबांचा संशयित उभा.

या ठिकाणी प्रकाश आणि ध्वनी आपल्या मदतीला येतात.

टिटॅनियम डायऑक्साइड नावाची एक पांढरी पूड आहे. आपल्या घराच्या भिंतीला लावलेल्या पांढऱ्या रंगात ती असते. तिचे खनिज इल्मेनाइट. ते आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत सापडते. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या दोन जपानी शास्त्रज्ञांनी एक शोध प्रसिद्ध केला. या पदार्थाचा तुकडा पाण्यात ठेवून त्यावर अतिनील प्रकाश टाकला तर पाण्याचे प्राणवायू आणि हायड्रोजन असे तुकडे होतात. पुढे या गुणाचा उपयोग घाण पाण्यासाठी होऊ लागला. घडते ते असे. प्रकाशाचा एक कण पुडीच्या कणावर आदळला की आतला एक इलेक्ट्रॉन जागचा उडतो आणि त्याच्या जागी खळगा राहतो. हा खळगा भुकेला असतो. तो शेजारच्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावतो. लुटल्या गेलेल्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक नावाचा एक तुकडा जन्मतो. त्याचे आयुष्य सेकंदाच्या अब्जांशांत मोजावे लागते; परंतु तेवढ्यात जे जवळ सापडेल त्याचा तो लचका तोडतो. रंगाच्या रेणूला असे लचके बसत गेले तर शेवटी कर्बवायू, पाणी आणि थोडे क्षार एवढेच उरते. पूड मात्र होती तशीच राहते. ती लग्न जुळवून देणाऱ्या मध्यस्थासारखी आहे. दोघांची गाठ घालून देते, स्वतः बोहल्यावर चढत नाही. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात.

येथे एक फरक ध्यानी घ्यावा. तुरटीने रंग बसतो, कोळशाने तो शोषला जातो, गाळणीने तो अडतो. या तिन्ही प्रकारांत रंग कोठेतरी शिल्लक असतो. येथे तो मोडतो. मला या विषयाची गोडी लागली ती या एका फरकामुळे.

आता ध्वनी. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. दवाखान्यात सोनोग्राफी करतात ती याच जातीच्या ध्वनीने. वीस हजारांच्या जरा वरचा जोरदार ध्वनी पाण्यात सोडला तर पाणी क्षणात ताणले जाते, क्षणात दाबले जाते. ताणाच्या क्षणी त्यात अतिसूक्ष्म बुडबुडे फुटून निघतात, वाढतात, आणि दाबाखाली एकदम कोसळतात. कोसळताना बुडबुड्याच्या पोटात काही हजार अंश उष्णता आणि शेकडो वातावरणांचा दाब तयार होतो. हे सारे सुईच्या टोकाहून लहान जागेत आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणून बाहेरचे पाणी फार तर कोमट लागते. आगबोटींच्या पंख्यांवर पडणाऱ्या खड्ड्यांमागे हेच बुडबुडे आहेत. लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये त्यांच्या कोसळण्याचे गणित मांडले. जो बुडबुडा पोलादाला खड्डा पाडतो तो रंगाच्या रेणूला सोडील होय? त्या उष्णतेत पाण्याची वाफही फुटते आणि पुन्हा तेच हायड्रॉक्सिल मूलक जन्मतात.

दोघांना एकत्र आणले की ते परस्परांची उणीव भरून काढतात. एकट्या प्रकाशाच्या रीतीत काही वेळाने पुडीचे कण गोळा होऊन गुठळ्या होतात आणि त्यांच्या अंगावर घाण चढते. मग प्रकाश पोचत नाही. ध्वनी त्या गुठळ्या फोडतो आणि कणांचे अंग घासून काढतो. उलट पक्षी, पुडीचे कण बुडबुड्यांना जन्मावयास जागा देतात. माझे रंगखात्यातले मित्र याला साध्या भाषेत म्हणतात, “एक धुतो, एक घासतो.”

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या कामाचा एक मोठा अड्डा येथून तासाभराच्या अंतरावर आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘यूडीसीटी’, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. तेथील पहिले भारतीय संचालक वेंकटरामन हे रंगांच्या रसायनशास्त्रातले जगन्मान्य नाव. कृत्रिम रंगांवरील त्यांचा ग्रंथ १९५२ साली निघाला आणि जगभरचे लोक तो वापरू लागले. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. याच माटुंग्यात पुढे अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी रंग मोडण्यासाठी बुडबुड्यांचा, प्रकाशाचा आणि उत्प्रेरकांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. जेथे रंग बांधावयास शिकविले तेथेच तो सोडवावयास शिकवितात. संस्थेने असेच असावे.

प्रयोगशाळेतून कारखान्यात येताना मात्र वाट खडतर आहे, आणि ती मी आपणांपासून लपविणार नाही. कारण अर्धवट माहितीवर टाळ्या घेणारे वक्ते पुष्कळ आहेत. पहिला प्रश्न विजेचा. समजा, शंभर वॅटचे ध्वनियंत्र एक लिटर पाण्यात तासभर चालविले. वीज लागली युनिटचा दहावा भाग. आता प्रोसेस हाऊस दिवसाला दहा लाख लिटर पाणी सोडते असे धरा. लागली एक लाख युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर दिवसाला आठ लाख रुपये! म्हणजे लिटरला ऐंशी पैसे, आणि आपल्या त्या एका शर्टामागे वीस रुपये. कोणता मालक देईल? आणि विजेचा मोठा भाग तर नुसते पाणी तापविण्यात जातो.

माटुंग्याच्या मंडळींनी यावर तोड काढली. ध्वनीऐवजी साधा पंप घ्यावयाचा आणि पाणी जोराने अरुंद भोकातून ढकलावयाचे. भोकात पाण्याचा वेग वाढतो, दाब पडतो, बुडबुडे होतात. भोकापलीकडे दाब परत येताच ते कोसळतात. तेच काम कितीतरी कमी विजेत होते. पुण्याच्या प्रयोगशाळेत विवेक रानडे आणि विनय भांडारी यांनी पाण्याचा भोवरा फिरवून बुडबुडे काढणारे साधन बनविले. त्यात भोक तुंबण्याची भीती कमी. मला स्वतःला ध्वनियंत्रापेक्षा हा पंप अधिक भरवशाचा वाटतो. तो बिघडला तर भिवंडीतला कोणताही फिटर उघडून पाहू शकेल.

दुसरा प्रश्न उन्हाचा. ऊन फुकट आहे, परंतु टिटॅनियमच्या पुडीला लागणारा अतिनील भाग उन्हात शंभरात चार-पाचच. शिवाय आपल्याकडे सूर्य चार महिने रजेवर असतो. पुडीत दुसरे मूलद्रव्य मिसळून तिला साध्या प्रकाशाने जागी करण्याचे प्रयत्न जगभर चालले आहेत. जपानात २००१ मध्ये नत्र मिसळून ते साधले. पण सांडपाणीच काळे असेल तर प्रकाश पहिल्या इंचातच अडतो. रंग स्वतःच सावली धरून उभा राहतो. तिसरा प्रश्न मिठाचा आणि सोड्याचा. हायड्रॉक्सिल मूलक आंधळा लुटारू आहे. त्याला रंग आणि मीठ यांत भेद कळत नाही. मिठातला क्लोराइड आणि सोड्यातला कार्बोनेट त्याला वाटेतच गाठून निकामी करतात. प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात चिमूटभर रंग टाकून जो निकाल येतो तो खऱ्या हंड्यात येत नाही, त्याचे हे एक मोठे कारण. चौथा प्रश्न पुडीचा: इतकी बारीक पूड पाण्यातून परत काढावयाची कशी? काचेवर किंवा मण्यांवर ती बसवितात. मग तिचे अंग कमी उघडे राहते आणि काम मंदावते.

या सर्वांवरून माझे मत असे झाले आहे की, प्रकाश-ध्वनीची रीत ही एकटीने सारे घर झाडणारी मोलकरीण नव्हे. आधी गाळ बसवावा, जंतूंना जे खाता येते ते खाऊ द्यावे, आणि शेवटी जो हट्टी भाग उरतो तेवढ्यावर हिचा प्रयोग करावा. किंवा उलट: सर्वात चिवट रंगाचे पाणी वेगळ्या नळाने घेऊन आधी त्याचे रेणू हिच्या हातून अर्धेमुर्धे तोडावेत आणि मग जंतूंच्या स्वाधीन करावेत. वेगळ्या नळाने घेणे हे महत्त्वाचे. आज पहिल्या धुण्याचे गडद पाणी आणि शेवटच्या खळाळणीचे जवळजवळ स्वच्छ पाणी एकाच गटारात मिसळतात, आणि मग “पाणी फार आहे, परवडत नाही” अशी तक्रार होते. नळ वेगळे करावयाला नोबेल पारितोषिक लागत नाही. एक प्लंबर लागतो.

आता मोजमापाचा मुद्दा. मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग शास्त्रज्ञांचा आवडता. उत्प्रेरकाची परीक्षा बहुधा त्याच्यावर घेतात. या रंगात ग्लुकोज आणि अल्कली घालून बाटली स्थिर ठेवली तर तो निळेपणा टाकतो. बूच लावून बाटली हलवा, हवा मिसळते आणि पुन्हा निळा! रंग कोठेच गेला नव्हता. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा. डोळ्याला रंग दिसेनासा होणे आणि तो पदार्थ मोडून नाहीसा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पाण्यात कर्ब किती उरला हे मोजले पाहिजे आणि त्या पाण्यात मासा जगतो का हे पाहिले पाहिजे. आपल्या कायद्यात रंगाबद्दल पुष्कळ वर्षे आकडाच नव्हता. शक्य तितका रंग काढावा, असे मोघम लिहिलेले होते. कापड उद्योगासाठी २०१६ साली केंद्राने आकडे दिले: रंग १५०, रासायनिक प्राणवायूची गरज २५०, विरघळलेले क्षार लिटरला २१०० मिलिग्रॅम. आकडे आले हे चांगले झाले. पण अमाइनांची मोजणी त्यांत नाही.

आणि आकडे कोठे लावावयाचे, हाही प्रश्न आहे. मुंबईच्या गिरण्यांत कताई, विणाई आणि रंगखाते एका आवारात असे. एक दरवाजा, एक भोंगा, एक मोरी. त्या मोरीला कोणी फार शुद्ध म्हणणार नाही; पण ती कोणाची हे ठाऊक होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या मोडल्या आणि काम विखुरले. विणाई भिवंडीच्या मागांवर, रंगाई-धुलाई लहान-मोठ्या शेडांत. उल्हासनगरला जीन्स धुणाऱ्या शेकडो शेडी उभ्या राहिल्या. त्या न्यायालयाच्या आणि मंडळाच्या बडग्याने बंद झाल्या, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ उठून शेजारच्या खेड्यांत गेल्या. नाला बदलला, निळे पाणी तेच. कामगाराला ना नोटीस, ना भरपाई. तो त्या शेडीचा कामगार होता याचाच पुरावा नव्हता. तिरुपूरला याहून मोठे घडले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील सातशेहून अधिक रंगशाळा बंद करण्याचा हुकूम दिला. नोय्यल नदीची अवस्था पाहता न्यायालयाला दोष देता येत नाही. खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्या पाण्याने गेल्या होत्या. पण हुकूम झाला तेव्हा हजारो कामगार रस्त्यावर आले, आणि त्यांना सांगण्यात आले की तुमची भाकरी नदीने खाल्ली. नदीने नव्हे. जी यंत्रे आधीच बसावयास हवी होती आणि बसली नाहीत, त्यांचे वाचलेले पैसे ज्यांच्या खिशात गेले त्यांनी खाल्ली.

मालक म्हणतात, खर्च परवडत नाही. बरे, हिशेब करू. नळ वेगळे करून, पंपाची रीत घेऊन, शेवटचा हट्टी भाग मोडण्यास सरासरी लिटरला दहा पैसे लागले असे समजा. शर्टामागे अडीच रुपये होतात. हे अडीच रुपये आज कोणीतरी देतोच आहे: उत्तनचा कोळी रिकाम्या जाळ्याने देतो, नोय्यलकाठचा शेतकरी देतो, जिगर चालविणारा कामगार आपल्या कातडीने देतो. शर्ट घेणारा तेवढा देत नाही.

यंत्र बसले म्हणजे चालते, असेही नाही. एका कारखान्यात (नाव घेत नाही) सांडपाण्याचे यंत्र चांगले होते, पाहुण्यांना दाखविण्याजोगे. रात्रपाळीत ते बंद ठेवून बाजूचा वॉल्व्ह उघडण्याची तोंडी सूचना असे. तेथल्या ऑपरेटरने एका रात्री वहीत लिहून ठेवले: “दोन वाजता साहेबांच्या सांगण्यावरून वॉल्व्ह उघडला.” दुसऱ्या दिवशी वहीतले ते पान गेले आणि आठवड्याने तोही गेला. तो ठेकेदाराचा माणूस होता, त्यामुळे कामावरून काढले असे म्हणण्याचीही सोय नव्हती. प्रकाशाचा दिवा, ध्वनीचे यंत्र, भोवऱ्याचा पंप, यांपैकी काहीही बसवा. त्याचे बटण रात्री दोन वाजता एका माणसाच्या हाती असते. तो माणूस भयमुक्त नसेल तर फुजिशिमा आणि होंडा काय करणार?

म्हणून आमच्या मागणीपत्रांत आम्ही दोन कलमे घालीत असतो. पहिले असे: सांडपाण्याच्या यंत्रावरचा माणूस ठेक्यावरचा नसावा, तो कायम, शिकविलेला आणि कुशल कामगाराच्या वेतनावरचा असावा. दुसरे असे: यंत्राची वही बांधीव, पानांना छापील क्रमांक असलेली असावी, रोजच्या पानाची प्रत कामगारांच्या प्रतिनिधीला मिळावी, आणि वहीत खरे लिहिल्याबद्दल कोणावरही कारवाई होऊ नये. पहिल्या कलमावर घासाघीस होते, पण एक-दोन ठिकाणी ते मान्य झाले आहे. दुसऱ्या कलमावर मालक म्हणतात, वही ही कंपनीची खाजगी बाब आहे. आम्ही म्हणतो, वॉल्व्हच्या पलीकडे खाडी आहे आणि ती खाजगी नाही. बोलणी तेथे अडली आहेत.